ट्रॅक्टर व मालवाहू गाड्यांना जादा दिवे : निवड आणि जोडणी

कार्तिक सरत आला की ऊसतोडणीच्या हंगामास जोर चढतो आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील रस्त्यांवर रात्रीची वाहतूक दिवसापेक्षा अधिक दिसू लागते. दिवसभर फडात तोड चालते, मोळ्या भरता भरता सायंकाळ होते आणि भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेस लागतात त्या अंधार पडल्यावरच. भाजीपाल्याची गोष्टही निराळी नाही. जुन्नर-ओतूरकडील माल माळशेज घाटाने कल्याणच्या बाजारात, आणि नाशिककडील माल कसाऱ्याच्या घाटाने मुंबईच्या बाजारात भल्या पहाटे पोहोचावयाचा, म्हणजे गाडी मध्यरात्रीच घाटात असावयाची. पावसाळ्यात या घाटांत ढगच रस्त्यावर उतरतात व पंधरा पावलांपलीकडचे दिसेनासे होते. अशा वेळी गाडीस दोन दिवे जादा लावून घ्यावेत असे शेतकरी बंधूंस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते कोणत्या प्रकारचे असावेत आणि कसे जोडावेत याचा विचार बहुधा दुकानदारावर व वायरिंग करणाऱ्या कारागिरावर सोपविला जातो. तो प्रत्यक्ष मालकाने करणे अगत्याचे आहे.

त्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. मूळचे दिवे मंद आहेत म्हणून जादा दिवे घेण्यास निघालेल्या दहा जणांपैकी निदान चार जणांचे काम नवे दिवे न घेताच होण्यासारखे असते. इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर धरल्यास सुमारे १४ व्होल्ट दाब दिसावयास हवा. दिवे लावून तोच मापक बल्बच्या टोकांवर धरावा. तेथे जर १२ व्होल्टच आढळले तर उरलेले दोन व्होल्ट गंजलेल्या जोडात, बारीक तारेत आणि जुन्या स्विचात नाहीसे होत आहेत असे समजावे. दोन व्होल्टांची घट वरकरणी किरकोळ भासते. तथापि तंतूच्या बल्बाचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात कमी न होता त्याहून फार झपाट्याने कमी होतो. दाब दहा टक्क्यांनी घटला असता प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. आणि १४ चे १२ व्होल्ट झाले असता मूळ प्रकाशाचा जेमतेम साठ टक्के भाग रस्त्यावर पडतो. जोड घासून साफ केले, काळा पडलेला परावर्तक व पिवळी पडलेली काच बदलली आणि मूळ दिव्यांसच रिले बसविला तर पुष्कळदा समाधान होते.

दिव्यांचे प्रकार

एवढे करूनही उजेड अपुरा पडत असेल तर कोणत्या कामासाठी तो हवा हे प्रथम ठरवावे. जादा दिव्यांचे दोन प्रमुख प्रकार आहेत आणि त्यांची कामे परस्परविरोधी आहेत. पहिला लांब झोताचा दिवा. त्याचा झोत अरुंद व सरळ असून मोकळ्या, कोरड्या रात्री रस्ता दूरवर उजळणे हे त्याचे काम. दुसरा धुक्याचा दिवा. त्याचा झोत रुंद, चपटा आणि वरच्या बाजूस सुरीने कापल्यासारखा असतो. रस्त्याची जवळची कड, साइडपट्टी आणि घाटातील कठडा दाखविणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. धुक्यात लांब झोताचा दिवा लावणे म्हणजे डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी करणे होय. कोरड्या रात्री धुक्याच्या दिव्यावर भिस्त ठेवणाऱ्यास तीस-चाळीस मीटरांपलीकडील बैलगाडी दिसत नाही. ‘सर्व कामांस एकच दिवा’ असे सांगून विकला जाणारा दिवा बहुधा यांपैकी कोणतेच काम नीट करीत नाही.

ट्रॅक्टरच्या मागील बाजूस असणारा नांगरणीचा दिवा हा तिसरा प्रकार. तो शेतात उपयोगाचा, रस्त्यावर धोक्याचा. पाठीमागून येणाऱ्या चालकास पांढरा प्रकाश दिसला की समोरून गाडी येत आहे असाच त्याचा ग्रह होतो. यास्तव शेताच्या बांधाबाहेर पडताना तो विझविण्याची सवय लावून घ्यावी, आणि त्यास स्वतंत्र स्विच ठेवावा.

धुक्यात प्रकाशाचे काय होते

धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब. दिव्याचा प्रकाश त्यांवर आदळून सर्व दिशांना विखुरतो आणि त्यांतील काही भाग चालकाच्या डोळ्यांकडे परत येतो. परत येणारा हा प्रकाश जितका अधिक तितका रस्ता कमी दिसतो. म्हणूनच धुक्यात अधिक उजेडाने अधिक दिसेल ही समजूत फसवी ठरते. यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे झोत डोळ्यांच्या रेषेपासून शक्य तितका दूर ठेवणे. धुक्याचा दिवा खाली बंपरपाशी बसवितात व त्याचा झोत वर जाऊ देत नाहीत तो यासाठीच. चालकाची नजर प्रकाशित धुक्याच्या वरून जाते आणि खालचा रस्ता तिला दिसतो. टपावर दिव्यांची ओळ बसविलेल्या पिकअप गाड्या हल्ली पुष्कळ दिसतात. त्यांचा रुबाब मोठा असतो, परंतु घाटातील धुक्यात त्या ओळीइतकी निरुपयोगी वस्तू दुसरी नाही, कारण तिचा झोत चालकाच्या डोळ्यांसमोरूनच जातो.

पिवळा प्रकाश धुके भेदून जातो, अशी समजूत चालक मंडळींत दृढ आहे. ती खरी नाही. हवेचे रेणू प्रकाशलहरींहून फार लहान असतात, म्हणून ते निळा प्रकाश अधिक विखुरतात व आकाश निळे दिसते. परंतु धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या कित्येक पट मोठे असून ते सर्व रंग सारखेच विखुरतात. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. निळसर पांढऱ्या झगझगीत प्रकाशापेक्षा पिवळसर प्रकाश पुष्कळांच्या डोळ्यांस कमी खुपतो. फ्रान्समध्ये मोटारींचे पुढील दिवे पिवळेच असावेत असा नियम १९९३ पर्यंत होता, यामागेही डोळे दिपू नयेत हाच विचार होता. तेव्हा पिवळा दिवा घेण्यास हरकत नाही. तो पांढऱ्या दिव्याहून लांबचे दाखवील ही आशा मात्र ठेवू नये.

खरेदी करताना

हॅलोजनचा ५५ वॉटचा दिवा अद्याप सर्वत्र मिळतो, त्याचा बल्ब तालुक्याच्या ठिकाणी सहज बदलून मिळतो आणि त्याची किंमतही बेताची असते. एलईडीचा दिवा तेवढाच प्रकाश फार कमी विजेत देतो, धक्के सोसतो व दीर्घकाळ टिकतो. मात्र तो बिघडल्यास बहुधा संपूर्ण बदलावा लागतो, आणि त्यात अधिक व उणे तारांची अदलाबदल झाल्यास तो लागतच नाही. बाजारात प्रकाशाचे जे आकडे खोक्यावर छापलेले असतात त्यांवर विसंबू नये. त्याऐवजी काचेवरील खूण पाहावी. युरोपीय मानकाप्रमाणे तपासलेल्या दिव्यावर वर्तुळात ‘ई’ हे रोमन अक्षर व त्यापुढे एक अंक असतो. धुक्याच्या दिव्यावर त्यासोबत ‘बी’ किंवा ‘एफ ३’ आणि हॅलोजनच्या लांब झोताच्या दिव्यावर ‘एचआर’ अशी अक्षरे आढळतात. धूळ व पाणी यांपासून संरक्षणाची खूण ‘आयपी ६७’ असल्यास दिव्यात धूळ शिरत नाही व एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी तो खराब होत नाही, असा तिचा अर्थ. ट्रॅक्टरसारख्या चिखलात वावरणाऱ्या यंत्रास हे संरक्षण अवश्य हवे.

दोन मोहांपासून दूर राहावे. एक, हॅलोजन बल्बसाठी घडविलेल्या दिव्यात एलईडीचा बल्ब घालणे. त्या दिव्याचा परावर्तक तंतूची जागा अचूक धरून बनविलेला असतो; प्रकाश निराळ्या जागेतून निघू लागला की झोत विसकटतो आणि समोरच्याचे डोळे दिपवितो. दुसरा मोह ९० किंवा १०० वॉटच्या बल्बाचा. त्याच्या उष्णतेने होल्डर वितळतो, परावर्तक काळवंडतो आणि जुन्या तारा तापतात.

बॅटरीचा जमाखर्च

विजेचा हिशेब सोपा आहे. वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे ११० वॉट. १२ व्होल्टच्या गाडीत त्यांस ९ ते १० अँपिअर प्रवाह लागतो. मूळचे पुढील दिवे तितकाच प्रवाह घेतात, आणि मागील व बाजूचे दिवे मिळून आणखी दोन-तीन अँपिअर. एकूण मागणी २२-२३ अँपिअरांवर जाते. अनेक ट्रॅक्टरांवर ३६ अँपिअरचा आल्टर्नेटर असतो. तो हा भार पेलतो, परंतु इंजिनास पुरेशी गती असेल तेव्हाच. अत्यंत मंद गतीवर तो आपली पूर्ण शक्ती देत नाही. जुन्या, डायनॅमो असलेल्या ट्रॅक्टरवर तर एलईडीचेच दिवे घेणे श्रेयस्कर.

खरी अडचण कारखान्याच्या तळावर येते. गव्हाणीसमोरील रांगेत तीन-चार तास जातात, चालक डिझेल वाचविण्यासाठी इंजिन बंद करतो आणि पाचट दिसावे म्हणून दिवे चालूच ठेवतो. चार तासांत केवळ दोन जादा दिवे बॅटरीतून सुमारे ३८ अँपिअर-तास वीज ओढून घेतात. ट्रॅक्टरची बॅटरी ८८ अँपिअर-तासांची व नवी असली तरी पहाटेच्या गारठ्यात इंजिन सुरू करणे तिला जड जाते. ती दोन हंगाम चाललेली असेल तर ढकलण्यासाठी माणसे जमवावी लागतात.

मोठ्या ट्रकची विद्युत्-व्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असते हे ध्यानात ठेवून बल्ब व रिले त्याप्रमाणेच घ्यावेत.

जोडणी

प्रस्तुत लेखकाने एका रात्री रस्त्याच्या कडेस थांबलेला ट्रॅक्टर पाहिला, त्याची हकीकत येथे सांगणे अस्थानी होणार नाही. दोन ट्रॉल्या ऊस भरलेला, वाऱ्याने पाचट सळसळत होते आणि बॉनेटखालून धूर येत होता. आठच दिवसांपूर्वी जादा दिवे बसवून घेतले होते. कारागिराने बॅटरीच्या अधिक टोकापासून थेट स्विचपर्यंत घरगुती वायरिंगची तार नेली होती. मध्ये फ्यूज नव्हता. पत्र्याच्या भोकातून जाणारी ती तार हादऱ्यांनी घासून उघडी पडली, पत्र्यास टेकली आणि बॅटरीची सारी शक्ती त्या एका तारेतून वाहू लागली. तारेवरील आवरण पेटले होते. चालकाने प्रसंगावधान राखून पान्याने बॅटरीची तार सोडविली, म्हणून ऊस आणि ट्रॅक्टर दोन्ही वाचले. त्याचा तळहात मात्र भाजला होता. दोन-चार रुपयांच्या फ्यूजने हे सारे टळले असते.

म्हणून जोडणीतील पहिला नियम फ्यूजचा. तो बॅटरीच्या अधिक टोकापासून एक वीतभर अंतराच्या आतच बसवावा. फ्यूज तारेचे रक्षण करतो, दिव्याचे नव्हे; बॅटरी व फ्यूज यांमधील तारेस कोणतेही संरक्षण नसते, सबब तो तुकडा जितका आखूड तितका बरा. ५५ वॉटच्या दोन दिव्यांस १५ अँपिअरचा, म्हणजे निळ्या रंगाचा पातीचा फ्यूज योग्य होय. तो वारंवार जळत असेल तर दोष शोधावा. त्याजागी ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी घालणे म्हणजे फ्यूज नसल्यासारखेच आहे.

दुसरा नियम रिलेचा. रिले हा विद्युत्-चुंबकावर चालणारा स्विच आहे. चालकाजवळील लहान स्विचातून केवळ पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह रिलेच्या वेटोळ्यात जातो. चुंबक आतील पट्टी ओढतो आणि दिव्यांचा मोठा प्रवाह बॅटरीपासून जवळच्या मार्गाने दिव्यांस मिळतो. त्यामुळे स्विच तापत नाही आणि जाड तार चालकाच्या जागेपर्यंत फिरवून आणावी लागत नाही. रिलेच्या खाली चार टोके असून त्यांवर अंक कोरलेले असतात. ३० या टोकास फ्यूजमधून आलेली बॅटरीची तार, ८७ या टोकास दिव्यांकडे जाणारी तार, ८६ या टोकास स्विचकडून येणारी बारीक तार जोडावी आणि ८५ हे टोक सांगाड्यास अर्थ करावे. एवढे पाठ केले की बाकीचे आपोआप जमते.

स्विचला वीज कोठून द्यावी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. लांब झोताच्या दिव्यांसाठी ती मूळ दिव्याच्या अप्परच्या तारेतून घ्यावी, म्हणजे चालकाने डिप्पर मारताच जादा दिवेही त्याच क्षणी विझतात. समोरून वाहन आले असता दोन स्विच दाबण्याची शुद्ध कोणासही राहत नाही. धुक्याच्या दिव्यांसाठी पार्किंगच्या तारेतून वीज घ्यावी, जेणेकरून मागील तांबडे दिवे लागल्याखेरीज पुढील धुक्याचे दिवे लागणार नाहीत. ज्या नव्या गाड्यांत दिव्यांचे नियंत्रण संगणकाकडे असते त्यांच्या मूळ तारा कापू नयेत; ते काम कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेतच करून घ्यावे.

तारेच्या जाडीविषयी दुकानात फारसे कोणी विचारीत नाही. बॅटरीपासून दिव्यापर्यंत चार मीटर तार आणि दहा अँपिअर प्रवाह धरला तर २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत पाव व्होल्टाहून किंचित अधिक दाब खर्ची पडतो. १ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.७ व्होल्ट जातात व प्रकाशाचा सहावा हिस्सा त्यांबरोबर जातो. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार वापरली तर जवळजवळ एकतृतीयांश प्रकाश तारेतच गडप होतो. तेव्हा २.५ चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक धाग्यांची, मोटारीसाठी बनविलेली तारच घ्यावी. घरगुती वायरिंगमधील एकेरी कडक तार हादऱ्यांनी मोडते.

काम सुरू करताना बॅटरीची उणे तार प्रथम सोडावी आणि ती सर्वांत शेवटी जोडावी. तार डिझेलच्या नळीपासून व धुराड्यापासून दूर न्यावी. पत्र्यातून जेथे जाते तेथे रबरी कडी बसवावी व बाकीच्या वाटेवर नळीचे आवरण चढवावे. टोकांस थिंबल दाबून बसवावेत. तार पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे हा जोड नव्हे. दिव्याची अर्थ तार जेथे जोडावयाची तेथील रंग खरवडून पत्रा उघडा करावा, बोल्ट घट्ट आवळावा आणि वरून व्हॅसलिन लावावे. दिवा कधी लागतो, कधी विझतो, अशी तक्रार असल्यास दोष बहुधा या अर्थमध्येच सापडतो.

ट्रॉलीची मागील बाजू

पुढील दिव्यांवर खर्च करणारा शेतकरी ट्रॉलीच्या मागील बाजूकडे क्वचितच पाहतो. वास्तविक अधिक धोका तेथे आहे. ताशी १५ किलोमीटर वेगाने चाललेल्या ट्रॉलीमागे ताशी ८० किलोमीटर वेगाने मोटार येत असेल तर दोहोंतील अंतर दर सेकंदास १८ मीटरांनी घटते. न उजळलेली ट्रॉली त्या चालकास ४० मीटरांवर दिसली असे धरले तर त्याच्या हाती दोन सेकंदांहून थोडाच अधिक वेळ उरतो. त्यांतील एक-दीड सेकंद पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागील तांबडा दिवा १५५ मीटरांवरून दिसावा असे सांगितले आहे, त्याचे कारण या हिशेबात आहे.

ट्रॅक्टरच्या मागे सात टोकांचे सॉकेट असते. त्यातील पांढरी तार अर्थची, पिवळी डाव्या व हिरवी उजव्या वळणाच्या दिव्याची, तांबडी ब्रेकच्या दिव्याची, काळी डाव्या व तपकिरी उजव्या मागील दिव्याची असा सर्वमान्य क्रम आहे. पांढरी तार अवश्य जोडावी. जोडखिळीतून अर्थ मिळते या भरवशावर ती गाळली जाते. खिळीस ग्रीस व गंज असल्याने प्रत्येक खड्ड्यागणिक दिवे विझत जातात. दुसऱ्या ट्रॉलीपर्यंतही तारा पोहोचल्या पाहिजेत. उसाच्या मोळ्या व वाढे मागे लोंबून दिवे झाकतात, तेव्हा भरणी झाल्यावर मागे दहा पावले जाऊन दिवे दिसतात की नाही हे पाहावे. परावर्तक पट्ट्या ओल्या फडक्याने पुसाव्यात. चिखल बसलेली पट्टी असून नसल्यासारखी असते.

झोत लावणे व कायदा

दिवे बसविल्यावर झोत भिंतीवर तपासावा, आणि तोही गाडी भरलेली असताना. मागे माल चढला की पिकअपचे नाक वर होते व रिकाम्या गाडीवर बरोबर लावलेला झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरांवर गाडी उभी करून दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. धुक्याच्या दिव्याच्या झोताची वरची कड त्या रेषेच्या २० सेंटिमीटर खाली पडावी. दिवे मूळ दिव्यांहून वर नसावेत आणि दगड-चिखल लागेल इतके, म्हणजे २५ सेंटिमीटरांहून खालीही नसावेत.

उक्त नियमांप्रमाणे पुढील दिव्याने आठ मीटर अंतरावरील व दीड मीटर उंचीवरील डोळे दिपता कामा नयेत, आणि शोधदीप किंवा ठिकाणदिवा नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून गाडीच्या पुढे बसविता येत नाही. टपावरील लांब एलईडीच्या पट्ट्यांवर वाहतूक पोलिस दंड करतात तो या दिपविण्याबद्दलच. खरेदीपूर्वी जवळच्या परिवहन कार्यालयात विचारून घेणे सोयीचे.

सर्व जोडणी पूर्ण झाल्यावर इंजिन चालू ठेवून दिवे अर्धा तास लावून ठेवावेत आणि नंतर प्रत्येक जोडास, फ्यूजच्या होल्डरास व रिलेस हात लावून पाहावा. कोमट लागल्यास हरकत नाही. बोट ठेववत नाही इतका तापलेला जोड सैल आहे असे समजून तो पुन्हा करावा. शेवटी दिव्याच्या टोकांवर मल्टिमीटर धरावा. बॅटरीवरील दाबापेक्षा तेथे अर्ध्या व्होल्टाहून अधिक घट नसावी. दोन निळे फ्यूज व एक बल्ब चिंधीत गुंडाळून हत्यारांच्या पेटीत ठेवावेत, कारण फ्यूज जळतो तो घाटातच, आणि बहुधा पावसात.